आत्या, कढई मीच उतरवली

आत्या, तू गेल्यापासून भट्टी थंड आहे. सुतकात खव्याची भट्टी पेटवायची नाही, ही घरची रीत तूच पाळत आलीस. आता ती तुझ्यासाठी पाळली जातेय. दूधवाले सवयीनं फाट्यावरून आत वळतात, अंगणात गाडी थांबवतात, भट्टीकडं बघतात आणि कॅन न उतरवता पुढच्या गावाला जातात. म्हादू अण्णा तर काल गाडीवर बसल्या बसल्याच रडले. वीस वर्षं तू त्यांच्याशी दुधातल्या पाण्यावरून भांडलीस. डोळे पुसत म्हणाले, "आता मला चोर कोण म्हणणार, मने?"

भट्टीतली राख मी अजून काढलेली नाही. तू असताना पेटलेल्या शेवटच्या लाकडांची राख आहे ती.

मला तुला एक विचारायचं आहे. बघ, तू गेलीस तरी माझी सवय गेली नाही. बार्शीच्या दवाखान्यातून मी तुला घरी आणलं, ते बरोबर केलं का? सोलापूरला नेऊन मशीनवर ठेवलं असतं तर तू आज असतीस का? कागदावर सही माझी आहे. दादांची नाही, काकांची नाही. मनीषा, बी.एस्सी., अशी घरातल्या एकुलत्या एक पदवीधराची.

तुला विचारल्याशिवाय मी कधी काही केलं नाही. शाळेत मी बरोबर लिहिलेलं उत्तर खोडून शेजारणीचं चुकीचं उत्तर लिहायची. गुरुजी वही दाखवून म्हणायचे, "हे खोडलेलं बरोबर होतं की गं!" घरी येऊन मी ते तुला सांगितलं की तू पोट धरून हसायचीस. "आगं, मग दुसऱ्यांदा लिहायचे कष्ट तरी वाचले असते." आणि दादा, चौथी शिकलेले माझे वडील, माझी खोडाखोड झालेली पानं कौतुकानं बघत बसायचे, कारण त्यांना वाटायचं की जास्त शाई म्हणजे जास्त अभ्यास.

भट्टीवर तर माझं एकच वाक्य असायचं. "आत्या, झालं का?"

खव्याचं दूध आटत आलं की उतरवायची वेळ फार थोडी असते, हे मी तुझ्याकडूनच शिकले. आधी उतरवला तर खवा ओला राहून दोन दिवसांत आंबतो, उशिरा उतरवला तर बुडाला लागतो आणि त्याचा वास कशानंच जात नाही. मधे काही क्षण असतात. दूध कढईच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागतं, उलथन्याचा आवाज जड होतो, आणि तू म्हणायचीस, "उचल!" मग कढईच्या एका कडीला तू, दुसऱ्या कडीला दादा, हातात ओली पोती, आणि एका दमात कढई खाली. मी विचारायची, "आत्या, झालं का?" तू माझ्याकडं बघायचीसुद्धा नाहीस. मनगट असं उडवायचीस, कढईच्या दिशेनं. माशी हाकलावी तसं. तिला विचार, मला नको.

तो दिवस तुला आठवत असेल. मी बारावीला होते. तू टेम्पोवाल्याशी बोलायला फाट्यावर गेली होतीस आणि उलथनं माझ्या हातात होतं. दादा समोर बसलेले, पोतं भिजवून तयार. मला दिसलं आत्या, स्पष्ट दिसलं. कडा सुटल्या होत्या, आवाज बदलला होता. दादा म्हणाले, "सांग, उचलू का?" आणि मी उलथनं टाकून तुला विचारायला फाट्यापर्यंत पळत गेले.

तू टेम्पोवाल्याला अर्ध्या वाक्यात सोडून माझ्यामागं आलीस. वास आपल्याला अंगणातच लागला. दादा बिचारे कढईकडं बघत तसेच बसलेले, कारण उचलायचा शब्द कुणी दिला नव्हता. चार घरांचं दूध होतं ते.

मला वाटलं आता मार बसेल. तू खाली बसून बुडाचा काळा थर खरवडायला लागलीस. खरवडता खरवडता म्हणालीस, "तुला दिसलं हुतं का न्हाय?"

"दिसलं होतं."

"मग मला कशाला इचारायला आलीस? माझं डोळं फाट्यावर हुतं, तुझं हितं."

एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या चौघांच्या दारात जाऊन तू स्वतः हात जोडलेस आणि माझं नाव घेतलं नाहीस. मला हे म्हादू अण्णांनी सांगितलं, तेही परवा.

पण तुझं हे मनगट उडवणं मला नेहमी आवडायचं असं नाही. आज खरं बोलायचं आहे म्हणून सांगते. भूमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून एक तापमापक आणला. म्हटलं, खवा झाला की नाही ते आकडा सांगेल, तुला विचारायला नको. तो कढईच्या कडीला बांधला तेव्हा म्हादू अण्णा म्हणाले, "शिकल्याली पोरगी दुधाचा ताप मोजायला लागली. उद्या म्हशीला चष्मा लावंल." सगळे हसले, तूही हसलीस. पण तू तो काढू दिला नाहीस. आठवडाभर बघितलंस आणि मग म्हणालीस, "मने, आदी मला इचारत हुतीस, आता ह्या काचंला इचारतीस. तुझ्यात काय फरक पडला?" दूध कधी म्हशीचं, कधी गाईचं, लाकूड कधी ओलं, कधी सुकं, आकडा तोच दिसे आणि खवा वेगळा होई. मी तो तापमापक काढून ठेवला. अजून माझ्या पेटीत आहे.

आणि मग पुण्याचं. ते भांडण आपलं अर्धं राहिलं, आत्या.

पदवी झाली, आणि पुण्याच्या एका दूध तपासायच्या प्रयोगशाळेत माझी निवड झाली. कळवायला चार दिवस होते. दादा म्हणाले, "आक्काला इचार." आई म्हणाली, "आत्याला विचार." मी भट्टीवर तुझ्याशेजारी बसून विचारलं, "आत्या, जाऊ का?" तू लाकूड पुढं सारलंस. दुसऱ्या दिवशी विचारलं, तू म्हशीकडं गेलीस. तिसऱ्या दिवशी मी रडत विचारलं आणि तू मनगट उडवलंस. तस्संच. मी चौथ्या दिवशी कुणालाच फोन केला नाही. दिवस मावळला आणि ते राहून गेलं.

त्यानंतर तुला मी बोलले होते, "एक शब्द बोलली असतीस तर माझं आयुष्य बदललं असतं." तू भट्टीतली राख ओढत राहिलीस. पुढं मला भूमच्या दूध शीतकरण केंद्रात काम मिळालं, दूध तपासायचंच, आणि मी रोज एसटीनं जायला लागले. विद्यार्थ्यांना, बायकांना बघून गाडी फाट्यावर थांबायची नाही, म्हणून सहा महिने तू सकाळी भट्टी दादांवर सोडून रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी राहायचीस. कंडक्टरच्या हातात खव्याचा गोळा ठेवून सांगायचीस, "आमची सायबीण हाय, संभाळून न्या." मी लाजेनं मान खाली घालून चढायची. मनात म्हणायची, गाडी थांबवायला येतेस, तेव्हा एक शब्द बोलायला काय झालं होतं? गाडी सुटली की मागच्या काचेतून तू दिसायचीस, हात अजून अर्धा वर. तुला एकदाही मी आतून हात केला नाही. आज त्याच फाट्यावर गाडी आपोआप थांबते. चालक विचारतो, "आत्या कशा हायेत?" त्याला सांगायला मला अजून जमलेलं नाही. मी म्हणते, "बऱ्या आहेत."

दवाखान्यातलं सांगते आता.

इतक्या वर्षांचा धूर तुझ्या छातीत बसला होता. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. आम्हा तिघांना बाजूला बोलावून म्हणाले, "फुफ्फुसं फार खराब झाली आहेत. सोलापूरला नेऊन मशीनवर ठेवता येईल, पण मशीन परत सुटेल याची आशा फार कमी आहे. घरी न्यायचं असेल तर ऑक्सिजन देऊन पाठवतो. दोन्हींत काही चुकीचं नाही. तुम्ही ठरवा, एकानं सही करा." धाकटे काका म्हणाले, "सोलापूरला नेऊ." दादा म्हणाले, "मने, तू शिकल्याली हायस. तू सांग."

तुझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला होता आणि वर आकडा दिसत होता. ब्याऐंशी. मग ऐंशी. मग परत ब्याऐंशी. दोन दिवस मी त्या आकड्याकडंच बघत होते, तुझ्याकडं नव्हे. मग मी तुझ्याकडं बघितलं. तू खिडकीकडं तोंड करून पडली होतीस. पाणी पाजलं तर दोन घोट घेऊन थांबत होतीस. चादरीचं टोक मुठीत धरायची तुझी सवय, ती मूठ सुटली होती. म्हादू अण्णांचं नाव काढलं तरी तुला राग आला नाही. आत्या, मला दिसलं. तुझ्या कडा सुटायला लागल्या होत्या.

आणि तरी मी वाकून विचारलंच. "आत्या, काय करू? सोलापूर की घर?"

तू मास्कच्या आतून माझ्याकडं बघितलंस. आणि मनगट उडवलंस. हलकंच, सुई टोचलेला हात होता तो.

मला ते कळलं असं वाटलं. आयुष्यभर जे सांगत आलीस तेच: तुला दिसतंय, मला नको विचारू. मी बाहेर जाऊन सही केली. गाडीशी स्ट्रेचर आणलं, एका बाजूला दादा, एका बाजूला काका. दोघंही माझ्याकडं बघत थांबले. मी म्हणाले, "उचला."

तू दोन दिवस घरी होतीस. तुला ओसरीवर ठेवलं, जिथून भट्टी दिसते. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी भट्टीवर दूध लावलं तर तू डोळ्यानंच पाठमोऱ्या काकांना दटावलंस, लाकूड जास्त झालं म्हणून. आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तू नव्हतीस.

दहाव्याला जेवणं झाल्यावर काका सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सोलापूरला नेलं असतं तर आक्का आज असती. पोरीच्या जातीनं सही केली." मला वाटलं, खरंच आहे. मी बरोबरचं खोडून चुकीचं लिहिलं. मी आत जाऊन तुझ्या गोधडीत तोंड घालून पडले. त्या गोधडीला अजून धुराचा वास आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत दादा माझ्याजवळ येऊन बसले. दादा कधी असे बसत नाहीत. त्यांनी मला जे सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नाहीस.

परंड्याकडच्या तुझ्या सासरी तुला एक मुलगी होती. आठ महिन्यांची. तुला नवऱ्यानं टाकलं एवढंच आम्हा पोरांना माहीत होतं. मुलीला ताप होता. सासू म्हणाली, दवाखान्यात न्यावं का? तू पोरीच्या कपाळाला हात लावून म्हणालीस, "उतरलाय ताप. उद्या बाजारच्या गाडीनं नेऊ." सगळ्यांनी तुझा शब्द मानला. उद्यापर्यंत ती राहिली नाही.

"हिच्या शब्दानं पोर गेलं, असं म्हणून पाठवून दिली तिला," दादा म्हणाले. "तवापासनं आक्कानं जित्या माणसाबद्दल कदी शब्द दिला न्हाय, मने. दुधाबद्दल द्यायची. म्हणायची, दूध नासलं तर परत येतंय."

मी विचारलं, "आणि पुण्याचं?"

"तीन दीस जेवली न्हाय ती. मला म्हणाली, पाठव म्हणावं वाटतंय रे, पण माझ्या जिभंचं काय खरं? पोरीचं तिथं काय वाईट झालं तर?"

आत्या, मी तर त्या मनगटाला तुझी शिकवण समजत होते. भट्टीवर होती ती शिकवण, मान्य. पण पुण्याच्या वेळी ते मनगट भीतीनं उडालं होतं आणि मला दिसलं नाही. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते, शब्द यायची वाट बघत. तू माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होतीस. भट्टीशेजारी दोन घाबरलेल्या बायका बसलेल्या, एक विचारतेय आणि एकीला उत्तर माहीत असून देता येत नाही. मी तेव्हा तुझा हात धरला असता तर? "आत्या, तुला ताप कळला नाही, तो कुणालाच कळला नसता," असं तुला कुणी एकदा तरी म्हणालं होतं का? मी म्हणाले असते. पण मला माहीतच नव्हतं, आणि मी तुला कधी तुझं काही विचारलंच नाही. सगळे प्रश्न माझेच.

आणि म्हणून आता दवाखान्यातलं ते शेवटचं मनगट मला रात्रंदिवस दिसतं. ते काय होतं? तुला दिसतंय, तूच ठरव, असं होतं? की नको गं बाई, माझ्या जिवाबद्दलसुद्धा मला शब्द द्यायला लावू नकोस, असं होतं? ते मला कधीच कळणार नाही. तू सांगायला नाहीस. आणि असतीस तरी सांगितलं नसतंस.

दादा उठताना म्हणाले, "आक्कावानी करू नगंस. तिनं चाळीस वर्सं एक शब्द उरावर घेतला. तू तेराव्याला बोल. काय बोलायचं ते बोल, पन बोल."

इथपर्यंत परवा लिहिलं होतं.

काल तेरावा झाला. पाहुणे निघायच्या आधी मी ओसरीवर उभी राहिले. मी म्हणाले, "काका, आत्याला घरी मी आणलं. डॉक्टरांचं ऐकून आणि आत्याकडं बघून आणलं. चुकलं असेल तर ते माझं आहे, दादांचं नाही. पण ती भट्टी बघत गेली, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. परत तीच वेळ आली तर मी तेच करीन." काका रागावलेले होते, अजून आहेत. निघताना मात्र चप्पल घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, "लाकूड जास्त झालं म्हणून दटावलं व्हय तिनं मला?" मी म्हणाले, "व्हय, काका." ते जरा हसले आणि मग मागं न बघता गाडीकडं गेले.

आज सकाळी मी राख काढली. चिमूटभर डबीत ठेवली, बाकीची झाडाच्या आळ्यात टाकली. म्हादू अण्णांनी पहिला कॅन उतरवला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्यासमोर उभे राहिले. मग मला कळलं ते कशाची वाट बघत होते. मी दूध बघितलं, बोटावर घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, पाणी आहे यात." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हाय," म्हणाले, "आज मुद्दाम घातलंय."

दुसरा कॅन निव्वळ दुधाचा होता.

भट्टी पेटली. मी उलथनं धरलं. समोर दादा, पोतं भिजवून, तुझी जागा सोडून पलीकडच्या कडीला. दूध आटत गेलं. धूर डोळ्यांत जात होता आणि मला डोळे पुसावेसे वाटत नव्हते. आवाज जड झाला. कडा सुटायला लागल्या. माझी मान आपोआप तुझ्या बाजूला वळली, आत्या. तिथं तुझा पाट होता, रिकामा.

दादांनी विचारलं नाही. ते फक्त माझ्याकडं बघत होते, दवाखान्यात स्ट्रेचरशी बघत होते तसे.

मी उलथनं खाली ठेवलं, ओलं पोतं घेऊन तुझ्या कडीशी आले आणि म्हणाले, "दादा, उचला."